आजोबांचं ताट आधी पंगतीत आणा

मॅडम, नमस्कार.

मी ठाण्यात लोकमान्य नगरला राहते. घरातच पाळणाघर चालवते आणि संध्याकाळी पहिली-दुसरीच्या मुलांची शिकवणी घेते. सगळी मिळून दहा-अकरा मुलं असतात. एप्रिलपासून मला खोकला होता. आधी वाटलं धुळीचा असेल, मग कफ सिरपवर महिना काढला. जूनच्या पहिल्या आठवड्यात थुंकी तपासली तर फुफ्फुसाचा टीबी निघाला. गोळ्या त्याच दिवशी सुरू झाल्या आणि देवाशपथ सांगते, एकही दिवस चुकवलेला नाही. दोन महिन्यांनी परत तपासलं तेव्हा थुंकी निगेटिव्ह आली.

पण पाळणाघर मी बंद ठेवलं नाही. मिस्टरांची वागळे इस्टेटमधली नोकरी गेल्या दिवाळीला सुटली, तेव्हापासून घर माझ्यावर आहे. आरोग्य केंद्रातल्या बाईंनी विचारलं, तुमच्या सहवासात कोण कोण असतं. मी नवरा आणि मुलगा एवढंच सांगितलं. त्या दोघांची तपासणी झाली, दोघेही ठीक आहेत. मुलांच्या आयांना मी धुळीची ॲलर्जी आहे असं सांगून मास्क लावला. पावसामुळे खिडक्या बहुतेक बंदच असायच्या.

आता माझ्याकडे येणाऱ्या एका चार वर्षांच्या मुलीच्या मानेला गाठ आली. तपासली तर टीबी. तिची आई परवा माझ्या दारात उभी राहून रडली. डॉक्टरांनी विचारलं म्हणे, घरात कुणाला खोकला आहे का. तिच्या सासऱ्यांना जुना खोकला आहे, पूर्वी बिडी ओढायचे. त्यांची तपासणी व्हायची आहे, पण घरात सगळ्यांनी ठपका त्यांच्यावरच ठेवलाय. त्यांचं ताट-पेला वेगळा केला, अंथरूण गॅलरीत टाकलं. मी एक शब्द बोलले नाही.

मिस्टर म्हणतात, तू आता बरी होत आलीस, कशाला तोंड उघडतेस, उगाच पोलीस केस होईल. मला रात्र-रात्र झोप नाही. मी गुन्हेगार आहे का? त्यांना सांगावं का?

— एक आई, ठाणे

*

ताई,

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्याला घाई आहे. सांगा. हे वाचाल त्याच दिवशी सांगा. त्या मुलीच्या आईला आधी, आणि लगोलग आरोग्य केंद्रात.

तुमचं मन हलकं व्हावं म्हणून मी हे म्हणत नाही. उन्हाळ्यात आणि जूनमध्ये तुमच्या त्या खोलीत आणखी नऊ-दहा मुलं होती, मला त्यांची काळजी आहे. टीबीचा जंतू शरीरात गेला म्हणजे लगेच आजार होतो असं नाही. मोठ्या माणसांत लागण झालेल्या शंभरातल्या पाच-दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष आजार होतो. पाच वर्षांखालच्या मुलांचं तसं नसतं. त्यांच्यात लागणीचं आजारात रूपांतर होण्याचं प्रमाण कितीतरी जास्त असतं, आणि बहुतेकदा ते पहिल्या वर्षा-दोन वर्षांतच होतं. शिवाय लहान मुलांत टीबी मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचू शकतो. त्यातून वाचलेलं मूल कधी बहिरेपण घेऊन घरी येतं, कधी लुळा पडलेला हात. जन्मल्यावर दिलेली बीसीजी या भयंकर प्रकारापासून बरंच संरक्षण देते, पण पूर्ण नाही.

म्हणजे आज तुमच्यासमोर डबा खाणारं, पाढे म्हणणारं एखादं पोर वरून ठणठणीत दिसत असेल आणि जंतू त्याच्या आत असेल. अशा मुलांसाठी प्रतिबंधक औषध आहे, आणि सरकारी केंद्रात ते फुकट मिळतं. आयसोनियाझिडची गोळी सहा महिने रोज, किंवा काही मुलांना तीन महिने आठवड्यातून एकदा दोन औषधं मिळून. कुणाला काय द्यायचं ते डॉक्टर तपासून ठरवतील. पण तपासायचं कुणाला, हेच त्यांना ठाऊक नाही. ती यादी फक्त तुमच्याकडे आहे.

त्या मुलीच्या उपचारासाठीही तुमची गरज आहे, हे कदाचित तुमच्या लक्षात आलं नसेल. लहान मुलांच्या टीबीत जंतू थोडे असतात. गाठीतून काढलेल्या नमुन्यातून कोणतं औषध लागू पडेल हे दर वेळी कळतंच असं नाही. मग डॉक्टर विचारतात, हे मूल कुणाच्या सहवासात होतं, आणि त्या माणसाच्या जंतूवर कोणती औषधं चालतात? तुमची थुंकी तपासली तेव्हा रिफॅम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडतं की नाही हे त्या रिपोर्टवर लिहून आलं असणार. तुमच्या कपाटातल्या फाइलमधला तो एक कागद तिच्या डॉक्टरांच्या टेबलावर असायला हवा.

आणि आजोबा. तुमच्या पत्रातलं ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. टीबी ताटातून पसरत नाही. पेल्यातून नाही, पंचातून नाही, अंथरुणातून नाही. तो हवेतून पसरतो. रुग्ण खोकतो, बोलतो, आणि बंद खोलीतली तीच हवा दुसरा तासन्‌तास आत घेतो. त्यामुळे त्या घरात वेगळ्या केलेल्या ताटाने कुणाचंही रक्षण होत नाही, फक्त एका म्हाताऱ्या माणसाची मानहानी होते. जुना खोकला आहे म्हटल्यावर त्यांची तपासणी व्हायलाच हवी, ती थांबवू नका. त्यांनाही टीबी निघू शकतो. पण आज त्या घरात जो दोष त्यांच्या एकट्याच्या माथी मारला जातोय, त्याची दुसरी शक्यता तुम्हाला माहीत आहे आणि त्यांना नाही. हा अन्याय दिवसातून दोनदा, प्रत्येक जेवणाला होतोय.

कसं सांगायचं, तेही लिहिते, कारण ऐनवेळी जीभ अडते. त्यांच्या घरी जा. फोनवर नको, आणि मुलांच्या आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नकोच नको. मुलीचे वडील घरी असतील अशी वेळ बघा. मिस्टर तिथे वाद घालणार असतील तर त्यांना नेऊ नका. रिपोर्टची झेरॉक्स सोबत ठेवा. आणि एवढंच बोला: "मला जूनमध्ये टीबी निघाला. गोळ्या चालू आहेत, आता थुंकी निगेटिव्ह आहे. मी तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. तुमच्या मुलीला माझ्याकडून लागण झालेली असू शकते. हा माझा रिपोर्ट, डॉक्टरांना दाखवा. आजोबांना दोष देऊ नका, आणि त्यांचं ताट वेगळं ठेवू नका, टीबी ताटातून पसरत नाही."

मग थांबा. मिस्टरांची नोकरी, घरखर्च, शाळेची फी यातलं काहीही त्या बैठकीत काढू नका. ते सगळं खरं आहे, मला मान्य आहे. पण अपराध कबूल करता करता आपली अडचण सांगितली की समोरच्या बाईवर आपलं सांत्वन करायची पाळी येते. तिच्या लेकीला सहा महिने औषध द्यायचंय. ती ओरडेल, ओरडू द्या. काहीच न बोलता दार लावेल, तर लावू द्या. कागद मात्र तिच्या हातात गेला पाहिजे.

तिथून आरोग्य केंद्रात जा. ज्या बाईंना तुम्ही अर्धं सांगितलं होतं त्यांनाच भेटा आणि राहिलेलं सांगा. मुलांची नावं, वयं, आईवडिलांचे फोन आणि कोणतं मूल दिवसाचे किती तास तुमच्याकडे असतं, हे एका कागदावर लिहून न्या. सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत राहणारं तान्हं आणि तासाभराच्या शिकवणीला येणारा दुसरीतला मुलगा यांची जोखीम सारखी नसते, म्हणून तास महत्त्वाचे. सहवासातल्या लोकांची तपासणी हे त्यांचं रोजचं काम आहे. आधी फोनवर विचारावंसं वाटलं तर टीबीसाठी सरकारची निक्षय संपर्क हेल्पलाइन आहे, १८००-११-६६६६, पैसे पडत नाहीत.

बाकीच्या पालकांना त्याच संध्याकाळी एकेकाला फोन करा. चाळीत आणि सोसायटीत बातमी कशी पळते ते तुम्ही जाणता. त्यांना ती तुमच्या तोंडून कळू दे. इथे एक सांभाळा: तुमचा आजार सांगायचा हक्क तुमचा आहे, त्या मुलीचा आजार सांगायचा नाही. "एका मुलीला झालाय" असंही म्हणू नका. अकरा मुलांत एक मुलगी ओळखायला किती वेळ लागतो? "मला झाला होता, तुमच्या मुलाची तपासणी करून घ्या," एवढं पुरे.

आता तुमचा पहिला प्रश्न.

त्या मुलीला टीबी तुमच्याकडूनच झाला का, हे मला सांगता येणार नाही. बहुधा कुणालाच सांगता येणार नाही. ते ठरवायचं तर दोघींच्या शरीरातले जंतू वाढवून त्यांची जनुकीय रचना जुळवून बघावी लागेल, आणि मुलांच्या गाठीतून तेवढे जंतू मिळणंच कठीण. जगातल्या टीबी रुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. ठाण्यासारख्या शहरात, शेअर रिक्षात, लोकलच्या डब्यात, क्लिनिकच्या बाकावर कुणाचा श्वास कुणाच्या वाट्याला आला याचा हिशोब लागत नाही. पण चार वर्षांचं मूल जिथे दिवसभर असतं तिथे एक रुग्ण होता, तेव्हा शक्यता मोठी आहे. "मीच दिला" आणि "मी दिला नाही" या दोन्हींपैकी काहीही सिद्ध न होता तुम्हाला पुढचं आयुष्य काढावं लागेल. ते जड आहे, हे मी जाणते.

मात्र जबाबदारी त्या एका उत्तरावर अवलंबून नाही. एप्रिल-मे घ्या. खोकला होता, पण टीबी आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं. टीबी सर्वात जास्त पसरतो तो याच काळात, निदान व्हायच्या आधी. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असला की थुंकी तपासावी हे दवाखान्यांच्या भिंतीवर लिहिलेलं असतं, तरी निम्मी वस्ती सिरपवरच महिना काढते. त्या दिवसांसाठी मी तुम्हाला दोषी धरत नाही, तुम्हीही धरू नका.

जूनचे पहिले दोन-तीन आठवडे वेगळे. तेव्हा तुम्हाला माहीत होतं. लागू पडणारी औषधं सुरू झाली की संसर्ग पसरवण्याची शक्यता झपाट्याने उतरते, आणि दोन आठवड्यांचा ठोकताळा डॉक्टर वर्षानुवर्षं वापरत आलेत. तेवढे दिवस "मला बरं नाही, पाळणाघर बंद" म्हणून कुलूप लावलं असतं, तर आजाराचं नावही न सांगता मुलं त्या काळात तरी वाचली असती. तुम्ही गोळ्या घेतल्या, मास्क लावला, त्याचा उपयोग झाला असणारच. पण खिडक्या बंद असलेल्या खोलीत तुम्ही मुलांना जाणूनबुजून बसवलंत. तो दोष तुमचा आहे, आणि तो मी सौम्य करून सांगणार नाही.

जुलैपासून आजपर्यंत तुमच्या श्वासातून बहुधा काही पसरलं नसेल. तरी माझ्या मते सगळ्यात मोठी चूक याच काळातली आहे. आरोग्य केंद्रातल्या बाईंनी विचारलं तेव्हा मुलांची नावं गेली असती, तर त्यांची जूनमध्येच तपासणी झाली असती आणि ज्यांना गरज आहे त्यांचं प्रतिबंधक औषध तेव्हाच सुरू झालं असतं. त्या मुलीची गाठ कदाचित आलीच नसती. ती चूक अजून चालू आहे, आणि ती थांबवणं अजून तुमच्या हातात आहे.

कायद्याबद्दल मिस्टरांना वाटणारी भीती अगदीच निराधार नाही, म्हणून नीट समजून घ्या. जीवाला धोका असलेल्या रोगाचा संसर्ग पसरेल हे माहीत असताना, किंवा तसं समजायला कारण असताना, हयगयीने तशी कृती करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २७१ खाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. दुष्ट हेतूने केलं तर कलम २७२, दोन वर्षांपर्यंत. संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. त्याआधी दंड संहितेत हीच कलमं २६९ आणि २७० होती, १८६० पासूनची. कोविडच्या टाळेबंदीत आपण ती पहिल्यांदा ऐकली. कलम २७१ मध्ये कुणाला प्रत्यक्ष लागण झाली हे सिद्ध करावं लागत नाही, संसर्ग पसरण्याचा संभव पुरतो. तेव्हा "सिद्धच होणार नाही" या भरवशावर राहू नका. दुष्ट हेतू तुमच्यात दूरान्वयानेही नव्हता, त्यामुळे २७२ चा प्रश्न मला दिसत नाही. दोन्ही कलमं जामीनपात्र आहेत.

टीबीच्या बाबतीत याच कलमांचा धाक सरकारने २०१८ मध्ये कुणाला घातला माहीत आहे? रुग्णांना नाही. टीबी रुग्णाची नोंद सरकारला न कळवणाऱ्या खासगी दवाखान्यांना आणि औषध दुकानदारांना. २०१२ पासून ती नोंद सक्तीची आहे. रुग्णाला पोलिसांचं भय घातलं तर तो तपासायलाच येणार नाही, आणि न तपासलेला रुग्ण सगळ्यांसाठी धोक्याचा. तरीही तक्रार झालीच, तर ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि १५१०० या क्रमांकावर फोन करता येतो. सांगायला जाण्याआधी तिथे सल्ला घ्यावासा वाटला तर जरूर घ्या, पण त्या नावाखाली आठवडे घालवू नका. एक रुग्ण स्वतःहून रिपोर्ट घेऊन गेली आणि यादी देऊन आली, आणि दुसरी पकडली जाईपर्यंत गप्प बसली, या दोघींकडे न्यायाधीश सारख्या नजरेने बघणार नाही, हे मला वाटतं मिस्टरांनाही पटेल.

आजार लपवण्याचा हक्क कुठे संपतो, याचा आपल्याकडे सर्वात खोल विचार एचआयव्हीच्या निमित्ताने झाला. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एका डॉक्टरचं प्रकरण आलं. रुग्णालयाकडून त्याचा एचआयव्ही उघड झाला आणि ठरलेलं लग्न मोडलं. न्यायालय म्हणालं, जिच्याशी लग्न ठरलं होतं तिचा निरोगी जगण्याचा हक्क त्याच्या गोपनीयतेहून वरचढ आहे. त्याच निकालात अशा रुग्णाच्या लग्नाच्या हक्काविरुद्ध जे लिहिलं गेलं होतं, ते २००२ मध्ये न्यायालयाने स्वतःच अनावश्यक ठरवलं. पुढे २०१७ चा कायदा आला. त्यात रुग्णाच्या गोपनीयतेला मोठं संरक्षण आहे, आणि त्याच्यावर एक कर्तव्यही आहे: आपल्याला लागण आहे आणि ती कशी पसरते हे ज्याला माहीत आहे, त्याने वाजवी खबरदारी घ्यावी किंवा समोरच्याला आधी कल्पना द्यावी. तो कायदा टीबीला लागू नाही. पण खबरदारी किंवा कल्पना, ही मोजपट्टी मला न्यायाची वाटते. तुमची खबरदारी अर्धी होती आणि कल्पना अजिबात नव्हती. आणि एचआयव्ही खोलीत बसून कुणाला होत नाही, म्हणून तिथे शेजाऱ्याला सांगायची गरज नसते. तुमच्या खोलीतली मुलं तुमच्याच श्वासाची हवा घेत होती, आणि चार वर्षांचं पोर "मी आज येत नाही" म्हणू शकत नाही.

पोटापाण्याचं काय, हे मी विसरलेली नाही. न्यूयॉर्कमध्ये मेरी मॅलन नावाची आयरिश स्वयंपाकीण होती. स्वतः धडधाकट, पण अंगात टायफॉइडचे जंतू, आणि ती जिथे कामाला लागे तिथली माणसं आजारी पडत. १९०७ मध्ये तिला एका बेटावर नेऊन ठेवलं. १९१० मध्ये स्वयंपाक करणार नाही या अटीवर सोडलं आणि कपडे धुण्याच्या कामाला लावलं. त्यात पैसे कमी. १९१५ मध्ये ती नाव बदलून एका प्रसूतिगृहात स्वयंपाक करताना सापडली. तिथे पंचवीस जणांना टायफॉइड झाला होता, दोघं दगावली होती. मग १९३८ मध्ये मरेपर्यंत ती बेटावरच राहिली. पहिल्या वेळी तिचा काही दोष नव्हता. दुसऱ्या वेळी होता, यात मला शंका नाही. पण ज्यांनी तिचा धंदा काढून घेतला आणि तेवढ्या मिळकतीचा दुसरा दिला नाही, त्यांच्या वाट्यालाही त्या दोन मृत्यूंतलं काहीतरी येतं. मेरीच्या शरीरातले जंतू घालवणारं औषध तेव्हा नव्हतं. तुमचा आजार डिसेंबरात संपेल.

म्हणून हे पत्र वाचणाऱ्या पालकांनाही सांगते. तुमच्या मुलांना सांभाळणारी बाई उद्या दारात येऊन असं काही सांगेल, तेव्हा मुलाला घेऊन दवाखान्यात जा, तिला बोल लावायचे तेही लावा, पण पाळणाघर तोडू नका. जिची थुंकी निगेटिव्ह आली आहे आणि जी रोज गोळी घेते आहे, तिच्यापासून तुमच्या मुलाला धोका नाही. जूनमध्ये या बाईंना खात्री असती की "पंधरा दिवस सुट्टी घ्या, महिन्याची फी आम्ही देतो" असं एक तरी आई म्हणेल, तर त्यांनी ॲलर्जीचं नाव पुढे केलं नसतं असं मला वाटतं. घरकामाच्या बायकांना, स्वयंपाकाच्या मावशींना, वॉचमनला आपण आजारपणाचा पगार देत नाही आणि मग त्यांनी आजार लपवला म्हणून संतापतो.

ताई, दोन-चार मुलं कमी होतील, त्याची तयारी ठेवा. सगळी जाणार नाहीत. आजारपणात आहारासाठी निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १००० रुपये बँक खात्यात येतात. तुमच्या खात्यात ते जमा होत नसतील तर केंद्रातच विचारा, बँक तपशील राहिले असतील. पाळणाघर चालू ठेवायला आता वैद्यकीय अडचण दिसत नाही, पण डॉक्टरांकडून तसं लिहून घ्या आणि तो कागद पालकांना दाखवा. पाऊस असो नसो, समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या राहू द्या.

मिस्टरांशी आज रात्रीच बोला. त्यांना तुमची काळजी वाटते म्हणून ते गप्प राहा म्हणतात, हे मला कळतं. पण ती मुलगी त्यांच्याही घरात वाढते आहे, दिवसाचे आठ-दहा तास. त्यांना सोबत यायचं असेल तर आरोग्य केंद्रात येऊ द्या. तिथे त्यांचंही काम आहे: रुग्णाच्या घरातल्या माणसांना आजार नसला तरी प्रतिबंधक औषध देतात, लहानांना आणि मोठ्यांनाही. जूनमध्ये तुमच्या घरच्या दोघांची नुसती तपासणी झाली की औषधही सुरू झालं, ते पत्रात नाही. नसेल झालं, तर दोघांसाठी विचारा. आणि या सगळ्या धावपळीत तुमची सकाळची गोळी चुकवू नका.